खंडेनवमीची रांग

आमच्या आप्पांनी मला आयुष्यात एकच प्रश्न विचारला, पण तो वर्षानुवर्षं विचारला. "ह्यातनं निघतंय काय?"

प्रश्न रास्त होता. वडगावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत पॉवरलूम, ज्यांना आम्ही नुसतं माग म्हणतो, आणि मागच्या खोलीत आम्ही. मागाच्या एका अंगानं सूत आत जातं आणि दुसऱ्या अंगानं साडी बाहेर येते. मधे एवढा खडखडाट की आमच्या घरातली माणसं परगावी गेली तरी ओरडूनच बोलतात. आप्पांच्या मते जगातलं झाडून सगळं काम ह्याच नमुन्याचं. शिक्षक घ्या: अडाणी पोरं आत, शहाणी बाहेर. न्हावी घ्या, हॉटेलवाला घ्या. एकदा अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मुद्दाम विचारलं, "आणि सरकारी ऑफिस?" आप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. "तिथं माणूस आत जातोय, त्योच बाहेर येतोय. ते काम न्हवं."

अशा घरात मी क्वांटम केमिस्ट झाले. आमच्या गल्लीतली पहिली. दुसरी अजून झालेली नाही, आणि माझ्याकडं बघून कुणी व्हायच्या विचारात असेल असं वाटत नाही.

मी ह्या वाटेला गेले त्याचं खरं कारण काच. बेळगावात कॉलेजला होते तेव्हा माझ्या हातात काचेचं भांडं टिकायचं नाही. प्रयोगशाळेतले मामा मला ब्युरेट द्यायच्या आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. दुसऱ्या वर्षी तर त्यांनी माझ्या टेबलावरची चांगली भांडी काढून कपाटात ठेवली आणि मला सगळं प्लास्टिकचं दिलं. पुढं एका सरांकडून कळलं की रसायनशास्त्राची अशी एक शाखा आहे जिच्यात काहीच फुटत नाही. तिथं रसायन नसतं, वास नसतो, भांडी नसतात. नुसतं गणित आणि कॉम्प्युटर. मी तिथंच म्हटलं, हे आपलं. मामांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. आनंदानंच, असं मी धरून चालते.

घरी हे समजावून सांगायचं म्हणजे माझी खरी परीक्षा. एकदा सगळे जेवायला बसलो होतो तेव्हा मी सुरुवात केली. म्हटलं, प्रत्येक वस्तू रेणूंची बनलेली असते आणि रेणूत इलेक्ट्रॉन असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळं एकाचं कसं चाललंय ते शोधायचं तर बाकीच्यांचं आधी माहीत पाहिजे, आणि बाकीच्यांचं शोधायचं तर ह्याचं. मग काय करायचं, आधी एक अंदाज धरायचा, हिशोब करून बघायचा, जमलं नाही की जरा इकडंतिकडं करायचं आणि परत हिशोब. असं जुळेपर्यंत करत राहायचं.

आई भाकरी मोडत म्हणाली, "म्हंजे तुझ्या लग्नासारखं की."

अण्णाला ठसका लागला. आईनं त्याला पाणी दिलं आणि माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, "इलेक्ट्रॉनचं तरी जुळतंय शेवटाला."

आप्पा मात्र मन लावून ऐकत होते. म्हणाले, "बरं, जुळलं. फुडं?" मी म्हटलं, मग त्यावरनं त्या रेणूचा रंग सांगता येतो. माझं काम रंगांवरच आहे. एखादा रंग डोळ्यानं न बघता, नुसत्या गणितानं कसा दिसेल ते मी काढते. मला वाटलं, रंग म्हटल्यावर तरी आप्पांना पटेल. जन्म सगळा रंगीत सुतात गेला माणसाचा. ते उठले, पुढच्या खोलीतनं निळ्या सुताची एक लड आणली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"ह्यो कुठला रंग हाय?"

"निळा."

"झालं की मग. गणित कशाला पायजे?"

मी म्हटलं, आप्पा, अजून कुणी तयारच केला नाही असा रंग असेल तर तो कसा दिसेल हे आधी कळेल. आप्पा म्हणाले, "तयार झाल्यावर बघू की. गडबड काय हाय?" चिडून मी ठरवलं की हाच निळा घ्यायचा, आमच्याच मागावरच्या सुताचा. तो निळाच का, आणि असाच निळा का, हे शेवटच्या इलेक्ट्रॉनापर्यंत काढून दाखवायचं. एवढ्या थोरल्या रेणूचा हिशोब इतक्या बारकाईनं आपल्याकडं आधी कुणी केलेला नाही, असं माझे पीएच.डी.चे सर सांगायचे. शहाणी माणसं त्या वाटेला जात नाहीत, हे त्यांनी पुढं सांगितलं नव्हतं.

पीएच.डी. झाल्यावर आमच्या समाजाच्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि कोपऱ्यावर फलक. फलकावर माझा फोटो एवढासा आणि शुभेच्छुकांचे एवढाले. भाषण करणाऱ्या काकांना माझं काम काय ते कुणीच सांगितलं नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. ते म्हणाले, आमची ही लेक लवकरच कधीही रंग न जाणारी साडी शोधून काढणार आहे. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. आप्पा दोन दिवस छाती पुढं काढून फिरले आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "कधी काढतीस?"

तेव्हापासून गल्लीत मला उसंत नाही. शेजारची काकू फिनेलची बाटली घेऊन यायची, खरं हाय का बघ म्हणून. कुणी दूध आणायचं, पाणी किती घातलंय सांग. एक गृहस्थ पिरनवाडीहून आपलं केसांचं तेल घेऊन आले, त्यांचे केस का गेले ते विचारायला. मी सगळ्यांना सांगायची, मी वस्तू तपासत नाही हो, मी फक्त हिशोब करते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जी दया यायची ती बघवायची नाही. ही माणसं मग आप्पांना गाठायची. "मग पोरगी तुमची करती तरी काय?" आणि आप्पांना उत्तर देता यायचं नाही. त्यांच्यासारख्या बोलक्या माणसाला ते फार लागायचं. मला त्याहून जास्त लागायचं.

आता खंडेनवमीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं मशिनांची पूजा. त्या दिवशी माग थांबतात. वर्षभर एक क्षण गप्प न बसणारी पुढची खोली एकदम मुकी होते आणि आम्हा सगळ्यांचे कान दुखायला लागतात. माग धुऊनपुसून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्यांच्या शेजारी घरातली बाकीची कामाची मशिनं एका रांगेत मांडायची आणि समोर कोहळा फोडायचा. नियम एकच. पूजा केलेलं मशीन दसऱ्याच्या सकाळपर्यंत चालवायचं नाही. वर्षभर राबलंय, एक दिवस त्याला बसू दे, असं आप्पा म्हणतात.

पण त्या रांगेत कुणी बसायचं हे आप्पा ठरवणार. तिथं वशिला नाही. मोटरसायकल असायची. आईचं शिवणयंत्र मानानं असायचं. मिक्सरवर एका वर्षी मोठा वाद झाला, शेवटी चटणीच्या जोरावर तो आत आला. टीव्हीला कधीच प्रवेश मिळाला नाही. अण्णानं एकदा गुपचूप आपला मोबाईल ठेवला तर आप्पांनी दोन बोटांनी उचलून परत दिला. "ह्ये काम करतंय व्हय? ह्ये तुझं काम बुडीवतंय."

माझी पाटीपुस्तकं देवघरात सरस्वतीपुढं असायची, पण तो मान घरोघरी सगळ्याच पोरांना मिळतो. रांगेचं वेगळं. पीएच.डी. चालू असताना एका वर्षी मी माझा लॅपटॉप शिवणयंत्राच्या शेजारी नेऊन ठेवला. आप्पा हळद लावत लावत आले, थांबले, त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. उलट फार प्रेमानं विचारलं, "पोरी, ह्यातनं निघतंय काय?" त्यांनी तो उचलून कॉटवर ठेवला, धूळ बसू नये म्हणून वर टॉवेल घातला आणि पुढं मोटरसायकलकडं गेले. मिक्सर आत आणि मी बाहेर. मी त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली नाही, आणि ती का खाल्ली नाही हे कुणी विचारलंही नाही. त्या रांगेत जागा मिळवायची, एवढंच मग माझ्या डोक्यात बसलं. लोकांना परदेशातली बक्षिसं हवी असतात. मला मोटरसायकलच्या शेजारची दोन फूट जागा हवी होती.

पुढं बेंगळूरच्या एका संस्थेत मी कंत्राटावर चिकटले. कंत्राट वर्षावर्षानं वाढायचं आणि दर वर्षी माझा जीव टांगणीला. शेवटी कायमची जागा निघाली. तिथले माझे सर म्हणाले, तुझा तो निळा मुलाखतीच्या आधी पुरा कर, दुसरं काही लागणार नाही. पुरा झाला नाही तर मात्र कंत्राटही संपत होतं. तिकडं अण्णानं निपाणीत एका दोस्ताच्या शिकवणी वर्गात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. शिकवणी वाईट नाही. आप्पांच्या व्याख्येत तर ती बसलीच असती, पोरं आत, पोरं बाहेर. म्हणूनच मला ती नको होती.

आणि नेमकी त्याच महिन्यात आमच्या इमारतीची वायरिंग बदलायला काढली. कॉम्प्युटर सगळे बंद. मी सरांच्या हातापाया पडून एक मशीन मागून घेतलं आणि बेळगावची बस धरली. लॅपटॉप नव्हे, चांगला गुबगुबीत डबा होता तो, शेळीएवढा. कंडक्टर त्याला बसच्या पोटात टाका म्हणाला. मी म्हटलं, हा मांडीवरच बसणार. शेजारच्या बाई कुरकुरायला लागल्या तर कंडक्टरनंच त्यांना कन्नडमधून समजावलं, "स्वल्प अड्जस्ट माडी," आणि त्यांनी खरोखर जरा सरकून डब्याला जागा करून दिली. हुबळीपर्यंत त्या झोपेत त्याच्यावर डोकं टेकून होत्या.

घरी मी तो मागच्या खोलीत मांडला. बॅटरीचा डबा जोडला, म्हणजे वीज गेली तरी थोडा वेळ तग धरेल. हिशोब सुरू केला आणि सगळ्यांना बजावलं, ह्याला हात लावायचा नाही, हा दिवसरात्र चालणार. मधेच थांबला तर जिथं होता तिथनं परत चालू होत नाही, पहिल्यापासनं सुरू करावं लागतं. प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलेला होता. मधूनच चालू करायची सोय पुढच्या आवृत्तीत येणार होती.

आप्पा रोज येऊन दारात उभे राहायचे. मी त्याच्या उशाशी स्टूल टाकून बसलेली. पडद्यावर मधूनमधून आकड्यांची एक ओळ यायची. ओळ आली की मी पुढं होऊन बघायची, आणि एकदोनदा काहीतरी अडल्यासारखं वाटलं तेव्हा ताट सोडून धावले. आप्पा नुसतं बघायचे. मला वाटायचं, आता विचारतील, आता विचारतील. त्या वेळी त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि मला वाटलं, बापानं आता आशाच सोडली.

खंडेनवमीच्या सकाळी आप्पांनीच मला बाजारात पाठवलं. "कोहळा घीऊन ये. चांगला थोरला आण, अवंदा मशीन जास्त हाईत." मी काकूची स्कूटर मागून घेतली आणि गेले. जास्त कशी झाली हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आम्ही इलेक्ट्रॉन मोजणारी माणसं. बाजारात ही गर्दी, झेंडूचे ढीग, कोहळ्याला हात लावू देईनात. एकाशी हुज्जत घालून, दुसऱ्याशी भांडून, तिसऱ्याकडनं एक थोरला कोहळा घेतला. तो पुढं पायाशी उभा करून, गुडघ्यांत धरून वडगावला आले.

दारात आले तर घर शांत. माग बंद, हे बरोबरच होतं. पण माग बंद असले की माझ्या मशिनाच्या पंख्याचा बारीक आवाज मागनं यायला पाहिजे होता. तो येईना. कोहळा उराशी धरून मी तशीच मागच्या खोलीत धावले. टेबल रिकामं.

पुढच्या खोलीत आले. रांग मांडलेली होती. माग, त्यांच्या शेजारी माझं मशीन, मग मोटरसायकल, शिवणयंत्र आणि मिक्सर. मशिनाला झेंडूची माळ. कपाळाच्या जागी, म्हणजे जिथनं हवा आत जाते त्या जाळीवर, ठसठशीत हळदकुंकू. माऊसला कुंकवाचं वेगळं बोट. कीबोर्डावर फुलं, एका बटणावर एक अशी हौसेनं ठेवलेली. समोर उदबत्ती.

"कुणी बंद केलं हे?" माझा आवाज मागांच्या वर जाईल असा होता, आणि माग तर बंदच होते. गल्लीतनं काकू बाहेर आली.

"मी," आप्पा म्हणाले. "खंडेनवमी न्हाय का आज? चालू मशिनाची पूजा करत्यात व्हय?"

आई कौतुकानं सांगायला लागली. "आगं, त्यो बॅटरीचा डबा लई वरडाय लागला. ह्यांनी त्येला बी हळदकुंकू लावलं. तरी गप बसंना. मग मागचं बटण दाबलं तवा निजला."

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी नोकरी गेली म्हटलं. निपाणीला जाऊन बसते म्हटलं. मशिनाला हात लावायचा नाही हे कन्नडमधून सांगायला पाहिजे होतं का म्हटलं. अण्णा हळूच माझ्या हातातला कोहळा काढून घ्यायला लागला. तो फेकीन अशी त्याला भीती होती, आणि ती रास्त होती. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, हा माग न्हवं. रांगेत कशाला ठेवलासा ह्याला?"

आप्पा गोंधळले. त्यांना खरंच कळेना मी काय विचारतेय. "मग काय हाय? रात्रंदिस चालतंय. तू उशाला बसतीस. अडलं की जेवान टाकून पळतीस. मी बी आयुष्यभर तेच केलं की. काम करतंय म्हणूनच ठेवलंय न्हवं."

"पण ह्यातनं निघतंय काय ते तुम्हांला कुठं ठाऊक हाय?"

"त्ये मला कळत न्हाय," आप्पा म्हणाले. "पर येवडं चालतंय म्हंजे निघत आसंल."

मी कोहळा अण्णाच्या हातात दिला आणि खाली बसले. हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि नाक पुसायला झेंडूच हाताशी होता. एवढी वर्षं ज्या जागेसाठी मी जळत होते, तिथं माझं मशीन बसलं होतं. मोटरसायकलच्याही आधी बसलं होतं. आणि त्यापायी माझा सगळा हिशोब पुसला गेला होता.

अण्णा माझ्या कानात म्हणाला, "लाव की परत. आप्पांस्नी मी सांगतो." खरं होतं. तेव्हाच सुरू केलं असतं तर मुलाखतीपर्यंत पुरं व्हायची थोडी तरी आशा होती. अख्खा दिवस घालवणं मला परवडणारं नव्हतं. मी उठले, बटणापर्यंत हात नेला. आप्पा मशिनाची माळ सरळ करत होते, जशी मागाची करतात तशी.

मी हात मागं घेतला. म्हटलं, "बसू दे आजच्या दिवस. राबलंय." आणि त्या दिवशी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. शास्त्रज्ञ म्हणून मला ह्याचं समर्थन करता येत नाही, आणि कुणी मागू नये.

दसऱ्याच्या सकाळी आप्पांनी आंघोळ करून, टोपी घालून, आधी माग सुरू केले आणि मग माझ्या मशिनाला नमस्कार करून बटण दाबलं. आता असं आहे की हा पंखा पुढनं हवा ओढतो आणि मागनं फेकतो. पुढं आप्पांचं हळदकुंकू होतं. मागं अण्णा होता, दसऱ्याच्या नव्या पांढऱ्या शर्टात. एक गुलाबी ढग उठला आणि अण्णा त्यात दिसेनासा झाला. आई म्हणाली, शुभ हाय. अण्णा शिंकत शिंकत काय म्हणाला ते तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

हिशोब पहिल्यापासून सुरू झाला आणि मुलाखतीचा दिवस आला तरी चालूच होता. मशीन थांबवून बेंगळूरला नेता येत नव्हतं. मी आप्पांना स्टुलावर बसवलं, पडद्यावर काय बघायचं ते दाखवलं आणि बस धरली. त्यांनी मागावर लक्ष ठेवतात तसं लक्ष ठेवलं. रस्ताभर फोन. "चालतंय." थोड्या वेळानं परत, "चालतंय." एकदा, "काकू आलती. तिला आत सोडलं न्हाय." मी सांगितलं, आप्पा, थांबलं तरच फोन करा. मग फोन आलाच नाही, आणि ते त्याहून वाईट होतं.

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते तेव्हा फोन वाजला. "थांबलं गं," आप्पा म्हणाले. मी बाकावरनं उठले. "आपल्या आपुन थांबलं. मी हात लावला न्हाय, देवाशपथ."

"शेवटच्या ओळीत काय आहे?"

त्यांनी चष्मा शोधला. आईला विचारला, अण्णाला विचारला, तो डोक्यावर सापडला. मग मागाचं मीटर वाचतात तसे एकेक आकडा सावकाश वाचत गेले. "सहा. एक. आठ. फुडं टिंब हाय. टिंब बी सांगू?"

मी डोळे मिटून मनात हिशोब केला. एवढ्या तरंगलांबीचा प्रकाश सूत गिळतं, तो नारिंगी. मग उरतो तो.

"काय गं, कुठला निघाला?"

"निळा, आप्पा."

पलीकडं मागांचा खडखडाट चालूच होता. त्याच्या वरून आप्पा ओरडले, "मी पयल्या दिवशीच सांगिटलं हुतं की." आणि तेवढ्यात मला आत बोलावलं.

आत सगळं ठीक झालं. शेवटी टोकाला बसलेले एक वयस्कर सर चष्म्यावरनं बघत म्हणाले, बाई, हे सगळं छान आहे, पण ह्यातून निघतं काय? मला एवढं हसू आलं की पाणी मागून घ्यावं लागलं. ह्या प्रश्नाची माझी तयारी त्या खोलीतल्या कुणाहूनही जास्त होती. मी त्यांना मागापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, कोहळा तेवढा वगळला. जागा मिळाली.

आता माझ्या हाताखाली एक थंडगार खोली भरून मशिनं आहेत. दर खंडेनवमीला मी ती बंद करते. विद्यार्थ्यांना सांगते, देखभाल आहे. आमच्या साहेबांनी एकदा विचारलं, दरवर्षी देखभाल नेमकी ह्याच दिवशी कशी निघते? मी म्हटलं, निघते. सकाळी आप्पांचा फोन येतो. "बंद केलंस?" केलं, आप्पा. "समदी?" समदी. मग त्यांना बरं वाटतं.

मागच्या वर्षीही तसाच फोन आला. त्याच्या काही महिने आधी आमचा शेवटचा माग विकला गेला होता. कापड खपत नव्हतं, अण्णा दुसऱ्या धंद्यात गेला, आप्पांच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला. फोनवर मागं खडखडाट नव्हता, तो त्या दिवशी एरवीही नसायचा, पण आप्पा उगीचच ओरडून बोलत होते. मी विचारलं, "रांगेत काय काय ठेवलंसा अवंदा?"

"मोटरसायकल हाय. आईची मशीन हाय. मिक्सर हाय." मग म्हणाले, "मागाच्या जागेवर तुझा त्यो डबा ठेवलाय."

तो डबा मी नंतर घरीच सोडला होता. जुना झाल्यावर सरांनी परत घेतला नाही. कधीचा जळून गेलाय, कॉटखाली पडून असतो. मी म्हटलं, "आप्पा, ते बंद पडलंय की. त्यातनं आता काय निघत न्हाय."

"न्हाय निघंना," आप्पा म्हणाले. "निळा निघालता की एकदा."